मोकळ्या जागेत धारा घनता शून्य धरली तरी समीकरणं जुळत नाहीत? चूक अशी शोधा

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नियम सांगणारी मॅक्सवेलची चार समीकरणं निर्वात जागेत सोडवताना एक अडचण पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. जागा रिकामी आहे, म्हणून धारा घनता (दर चौरस मीटरमधून वाहणारी धारा) शून्य धरली जाते, प्रभार घनताही (दर घनमीटरमधला प्रभार) शून्य धरली जाते, गणित पुढे सरकतं आणि शेवटी काहीतरी बिनसतं. कधी कपॅसिटरच्या फटीत ॲम्पिअरचा नियम तुटल्यासारखा वाटतो. कधी हातात आलेल्या क्षेत्रावरून उलट गणित करून धारा घनता काढली, तर ती शून्य येत नाही. कधी सिम्युलेशनमध्ये तरंग निघून जातो, पण मागे एक स्थिर विद्युत क्षेत्र तसंच उरतं आणि ते कुठून आलं हे कळत नाही.

तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकाच जागी आहे. धारा घनता आणि प्रभार घनता या एकमेकींशी बांधलेल्या राशी आहेत, आणि आपण त्या सुट्या सुट्या ठरवत बसतो. म्हणून माझा आग्रह असा, की कर्लच्या समीकरणाला हात लावण्याआधी प्रभाराचा हिशोब लावा. तो लागला नाही तर पुढचं गणित कितीही सफाईदार असलं तरी उत्तर चुकणारच.

आधी चिन्हं ठरवू. ई म्हणजे विद्युत क्षेत्र, बी म्हणजे चुंबकीय क्षेत्र. डायव्हर्जन्स म्हणजे क्षेत्र एखाद्या बिंदूतून किती बाहेर पसरतं, कर्ल म्हणजे ते त्या बिंदूभोवती किती फिरतं. एप्सिलॉन-शून्य आणि म्यू-शून्य हे निर्वाताचे स्थिरांक. एककं एसआय. समीकरणं अशी:

ई चा डायव्हर्जन्स = प्रभार घनता ÷ एप्सिलॉन-शून्य
बी चा डायव्हर्जन्स = ०
ई चा कर्ल = − (बी च्या बदलाचा दर)
बी चा कर्ल = म्यू-शून्य × [धारा घनता + एप्सिलॉन-शून्य × (ई च्या बदलाचा दर)]

यातलं चौथं समीकरण घ्या आणि दोन्ही बाजूंचा डायव्हर्जन्स काढा. कर्लचा डायव्हर्जन्स नेहमीच शून्य असतो, त्यामुळे डावी बाजू गेली. उजवीकडे ई च्या डायव्हर्जन्सच्या जागी पहिलं समीकरण घातलं, की उरतं ते सातत्य समीकरण:

धारा घनतेचा डायव्हर्जन्स = − (प्रभार घनतेच्या बदलाचा दर)

हे समीकरण वेगळं गृहीत धरावं लागत नाही, ते या चौघांच्या पोटातच आहे. त्यामुळे तुम्ही समीकरणांना अशी प्रभार घनता आणि अशी धारा घनता दिली, की ज्या एकमेकींशी जुळत नाहीत, तर त्या समीकरणांना उत्तरच नसतं. कागदावर ते लगेच दिसत नाही. कुठलीतरी दोन समीकरणं सोडवून उत्तर निघतं, आणि तिसऱ्यात घातल्यावर ते मोडतं.

पहिली तपासणी: त्या बिंदूवर प्रभार आहे का?

प्रयोगशाळेत निर्वात म्हणजे हवा काढून घेतलेली जागा. समीकरणात शून्य टाकायचं असेल तर जागेत हवा नसणं पुरेसं नाही, प्रभारही नसायला हवा. या दोन अटींमधला फरक किती मोठा आहे हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे.

दोन समांतर पट्ट्या घ्या. अंतर १ सेंटीमीटर, विभवांतर १०० व्होल्ट, मध्ये उत्तम निर्वात. ऋण पट्टी तापवली आणि तिच्यातून हवे तितके इलेक्ट्रॉन सुटू दिले, तर चाइल्ड (१९११) आणि लँगम्युअर (१९१३) यांच्या नियमाने (तो निर्वातात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन धारा वाहू शकते ते सांगतो) धारा घनता साधारण २३ ॲम्पिअर प्रति चौरस मीटर येते. धन पट्टीजवळ पोचेपर्यंत इलेक्ट्रॉनचा वेग सुमारे ५९ लाख मीटर प्रति सेकंद झालेला असतो. धारा घनतेला वेगाने भागा, म्हणजे तिथली प्रभार घनता मिळेल. संख्येत सांगायचं तर दर घन सेंटीमीटरला सुमारे अडीच कोटी इलेक्ट्रॉन. साध्या हवेत तेवढ्याच जागेत याच्या जवळपास एक लाख कोटी पट रेणू असतात. म्हणजे हवेच्या मापाने ही जागा अगदी रिकामी आहे.

तरीही तिथे प्रभार घनता शून्य धरली तर काय होतं? दोन पट्ट्यांमध्ये सगळीकडे सारखं क्षेत्र मिळतं, १०,००० व्होल्ट प्रति मीटर. प्रत्यक्षात धन पट्टीजवळ ते १३,३३३ असतं आणि ऋण पट्टीच्या पृष्ठभागावर शून्य. चूक एखाद-दोन टक्क्यांची नाही, क्षेत्राचं रूपच वेगळं आहे. इलेक्ट्रॉन नळी, कणत्वरक, क्ष-किरण नळी, कुठलंही काम असो, शलाका ज्या भागातून जाते तिथे 'निर्वात आहे म्हणून शून्य' हे चालत नाही. शलाकेच्या बाहेर पाऊल टाकलं की चालतं.

इथे बहुतेकांना ओहमचा नियम फसवतो. धारा घनता म्हणजे वाहकता गुणिले विद्युत क्षेत्र, निर्वाताची वाहकता शून्य, म्हणून धारा घनता शून्य, असा युक्तिवाद केला जातो. ओहमचा नियम हा काही पदार्थांचा गुणधर्म सांगतो. तो मॅक्सवेलच्या समीकरणांचा भाग नाही, आणि धारा घनतेची व्याख्या तर मुळीच नाही. व्याख्या आहे प्रभार घनता गुणिले वेग, आणि प्रभार अनेक प्रकारचे असतील तर त्या सगळ्यांची बेरीज. तारेशिवाय, नुसत्या हलत्या प्रभारानेही चुंबकीय क्षेत्र तयार होतं हे हेन्री रोलंडने १८७६ मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत प्रभारित चकती फिरवून दाखवलं होतं. तेव्हापासून ही शंका खरं तर मिटलेली आहे.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. धारा घनता शून्य आहे एवढ्यावरून प्रभार घनता शून्य ठरत नाही. सातत्य समीकरण फक्त इतकंच सांगतं, की तिथली प्रभार घनता बदलत नाही. ती मुळात किती होती ते तुम्हाला माहीत असावं लागतं.

कपॅसिटरची फट

विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथे सापडतो, आणि तो बरेचदा दोन टप्प्यांत होतो. आधी विस्थापन धारा, म्हणजे चौथ्या समीकरणातलं एप्सिलॉन-शून्य × (ई च्या बदलाचा दर) हे पद, विसरली जाते. मग ती आठवली, की दोनदा मोजली जाते.

गोल पट्ट्यांचा कपॅसिटर घ्या, त्रिज्या ५ सेंटीमीटर, आणि तारेतून १ ॲम्पिअरने प्रभार भरला जातोय. फटीत कुठलाही प्रभार नाही, त्यामुळे खरी धारा घनता शून्य. पण पट्ट्यांवरचा प्रभार वाढतोय म्हणून फटीतलं ई वाढतंय, दर सेकंदाला सुमारे १.४४ × १०^१३ व्होल्ट प्रति मीटर इतक्या दराने. त्याला एप्सिलॉन-शून्यने, म्हणजे ८.८५४ × १०^−१२ ने गुणा. १२७ ॲम्पिअर प्रति चौरस मीटर मिळतात. पट्टीच्या क्षेत्रफळाने गुणलं की बरोबर १ ॲम्पिअर. कडेला बी येतं ४ मायक्रोटेस्ला, आणि अर्ध्या त्रिज्येवर २ मायक्रोटेस्ला.

इथवर ठीक. आता चूक कुठे होते ते पाहा. काही जण सातत्य समीकरणातही फटीतली धारा घनता १२७ घालतात. म्हणजे फटीतून प्रभार वाहतोय आणि शिवाय पट्टीवर साचतोयही, असा हिशोब होतो, आणि तो जुळत नाही. सातत्य समीकरणात फक्त खरी धारा जाते. तार पट्टीला जिथे मिळते तिथे ती संपते, आणि तिथेच प्रभार साचतो. चौथ्या समीकरणात मात्र दोन्ही पदं लागतात, आणि फटीत त्यातलं पहिलं शून्य असतं.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बायो-सावर्टच्या सूत्रात (ते धारेच्या तुकड्यातुकड्यांवरून बी काढतं) तारेतली धारा, पट्ट्यांवर पसरणारी धारा आणि त्याबरोबर फटीतली विस्थापन धारा, असं सगळं घालून बी काढलं जातं. उत्तर चुकतं. क्षेत्र हळू बदलत असेल तर ई हे जवळपास एखाद्या विभवाचा ग्रेडियंट (जागेनुसार बदलाचा दर) असतं, म्हणजे त्याचा कर्ल शून्य असतो. अशा विस्थापन धारेचं संपूर्ण अवकाशातलं बायो-सावर्ट योगदान मिळून शून्य होतं. फक्त फटीतला तुकडा घेतला आणि कडेबाहेर पसरलेलं क्षेत्र सोडलं, तर शून्याऐवजी काहीतरी भलतंच हाती येतं. म्हणून नियम सोपा ठेवा. बायो-सावर्ट वापरायचं असेल तर फक्त खऱ्या धारा घाला, पट्ट्यांवरच्या धारांसकट. ॲम्पिअरचा बंद वाटेचा नियम वापरायचा असेल तर विस्थापन पद घालाच. दोन्ही रीतींनी फटीत तेच ४ मायक्रोटेस्ला मिळायला हवेत, आणि मिळतात.

'खरी' आणि 'विस्थापन' यांतला भेद नुसता नावाचा आहे का, अशी शंका आली तर कार्याची कसोटी लावा. खरी धारा घनता आणि ई यांचा बिंदुगुणाकार म्हणजे क्षेत्राने प्रभारांवर दर घनमीटरला, दर सेकंदाला केलेलं कार्य. त्याने कण वेग घेतात, तार तापते. विस्थापन पदाचा तसाच गुणाकार केला तर क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेचा बदल मिळतो, दुसऱ्या कुणावर कार्य होत नाही. सूर्यप्रकाशाचं उदाहरण घ्या. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर त्याची तीव्रता सुमारे १,३६१ वॉट प्रति चौरस मीटर आहे, म्हणजे ई चं वर्गमध्यमूळ मूल्य ७१६ व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास. ही सगळी तीव्रता ५०० नॅनोमीटरच्या एकाच तरंगलांबीत आहे असं धरलं, तर विस्थापन धारा घनता जवळपास २ कोटी ४० लाख ॲम्पिअर प्रति चौरस मीटर येते. एवढी धारा घनता तांब्याच्या जाड तारेत असती तर ती पाहता पाहता तापली असती. प्रकाशाच्या वाटेवरच्या रिकाम्या जागेत मात्र काहीच तापत नाही, कारण खरी धारा घनता तिथे शून्यच आहे.

मॅक्सवेलने हे पद १८६१–६२ च्या लेखमालेत आणलं आणि १८६५ च्या लेखात त्यातूनच तरंग काढून दाखवले. धारा घनता शून्य असलेल्या जागेत क्षेत्र पुढे सरकत राहतं ते या पदाच्या आणि फॅराडेच्या नियमाच्या जोरावर. ते वगळलं तर निर्वातात प्रकाशच उरत नाही.

तरंग समीकरण सुटलं, तरी उत्तर खोटं

ही सर्वांत फसवी तक्रार आहे. तुम्ही एक क्षेत्र लिहिता, ते तरंग समीकरणात घालता, समीकरण तंतोतंत सुटतं, वेगही प्रकाशाचा येतो. मग उलटं जाऊन धारा घनता काढता, तर ती शून्य नाही!

साधं उदाहरण घ्या. एक्स दिशेने जाणारा तरंग, आणि ई सुद्धा एक्स दिशेतच: ई = ई-शून्य × कोसाइन(के·एक्स − ओमेगा·टी). इथे ई-शून्य म्हणजे क्षेत्राची कमाल किंमत, के म्हणजे तरंगसंख्या, ओमेगा म्हणजे कोनीय वारंवारता. बी कुठेही नाही. ओमेगा म्हणजे प्रकाशवेग गुणिले के असेल, तर तरंग समीकरण पाळलं जातं. पण ई चा डायव्हर्जन्स शून्य नाही. म्हणजे प्रभार घनता आहे: − एप्सिलॉन-शून्य × के × ई-शून्य × साइन. बी चा कर्ल शून्य, म्हणून चौथ्या समीकरणातून धारा घनता येते − एप्सिलॉन-शून्य × ओमेगा × ई-शून्य × साइन. या दोघींना सातत्य समीकरणात घालून पाहा, बरोबर जुळतात. म्हणजे हे क्षेत्र अशक्य नाही. ते मोकळ्या जागेचं नाही, एवढंच. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन सामूहिकपणे मागे-पुढे हलतात तेव्हा असंच, हालचालीच्याच दिशेतलं क्षेत्र तयार होतं.

मग तरंग समीकरणाला हे कळलं का नाही? स्रोतांसह लिहिलेलं तरंग समीकरण पाहा. त्याच्या उजव्या बाजूला दोन पदं असतात: प्रभार घनतेचा ग्रेडियंट भागिले एप्सिलॉन-शून्य, आणि म्यू-शून्य गुणिले धारा घनतेच्या बदलाचा दर. वरच्या उदाहरणात पहिलं पद येतं − के-वर्ग × ई-शून्य × कोसाइन, आणि दुसरं येतं बरोबर तेवढंच, पण धन. दोघांची बेरीज शून्य. स्रोत तिथे आहेत, पण तरंग समीकरणाच्या नजरेला ते एकमेकांना झाकून टाकतात. म्हणून तरंग समीकरण पाळलं जाणं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. डायव्हर्जन्सची दोन्ही समीकरणं वेगळी तपासावीच लागतात.

लेसर शलाकेवर काम करणाऱ्यांना हीच चूक जरा वेगळ्या वेषात भेटते. गाऊसीय शलाका लिहिताना ई फक्त एक्स दिशेत धरलं जातं, शलाका झेड दिशेत जाते, आणि मध्यापासून बाहेर जाताना तीव्रता कमी होत जाते. पण ई एक्स दिशेत आहे आणि एक्स दिशेतच बदलतंय, म्हणजे डायव्हर्जन्स शून्य नाही, आणि शलाकेच्या दोन बाजूंना खोटा प्रभार तयार झाला. उपाय म्हणजे झेड दिशेतला छोटा घटक घालणं, जो डायव्हर्जन्स पुन्हा शून्यावर आणेल. शलाकेच्या त्रिज्येवर त्याचं मुख्य घटकाशी प्रमाण तरंगलांबी भागिले (पाय × त्रिज्या) इतकं असतं. ६३३ नॅनोमीटरची शलाका १ मिलिमीटर त्रिज्येची असेल, तर ते प्रमाण ०.०००२ च्या आसपास आहे आणि विसरलं तरी चालतं. ८०० नॅनोमीटरची शलाका २ मायक्रोमीटरवर केंद्रित केली, तर ते जवळपास १३ टक्के होतं. तिथे हा घटक सोडून इलेक्ट्रॉनचे मार्ग काढले, तर मार्ग चुकीचे येणार.

कर्ल शून्य येतो, मग धारा गेली कुठे?

लांब सरळ तारेचं बी घ्या: म्यू-शून्य × धारा ÷ (२ × पाय × अंतर), तारेभोवती वर्तुळाकार. त्याचा कर्ल काढा. शून्य. मग ॲम्पिअरचा नियम चुकला का? नाही. तारेबाहेर धारा घनता शून्यच आहे आणि कर्लही शून्यच असायला हवा. सगळी धारा अक्षावर, जिथे तुमचं सूत्र अनंताकडे जातं, तिथे आहे. कर्ल ही एका बिंदूवरची गोष्ट आहे, तारेभोवतीच्या बंद वाटेवरची बेरीज तशी नाही. ती वाट तारेला वेढते म्हणून धारा दाखवते. बिंदुप्रभाराच्या ई चा डायव्हर्जन्स सगळीकडे शून्य येतो, त्याचं उत्तरही हेच. सूत्र जिथे फुटतं तो बिंदू वगळून गणित करू नका, स्रोत नेमका तिथेच असतो.

एककांचा घोळ

हा वेळखाऊ नाही, पण वारंवार दिसतो. गाऊसीय एककांमध्ये चौथं समीकरण वेगळं दिसतं: बी चा कर्ल = (४ × पाय ÷ प्रकाशवेग) × धारा घनता + (१ ÷ प्रकाशवेग) × ई च्या बदलाचा दर. एका पुस्तकातून समीकरण आणि दुसऱ्यातून धारा घनता घेतली की उत्तर १२.५७ पटींनी किंवा प्रकाशवेगाच्या पटीत चुकतं. मोकळ्या जागेतल्या सपाट तरंगासाठी एसआयमध्ये ई भागिले बी हा प्रकाशवेग, २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद, यायला हवा. गाऊसीय पद्धतीत ते गुणोत्तर १ असतं. एवढं एक गुणोत्तर तपासलं तरी कोणत्या पद्धतीत उभे आहात ते कळतं. २० मे २०१९ पासून म्यू-शून्यची किंमत व्याख्येने ठरलेली नसून मोजून ठरते. त्यामुळे पडलेला फरक अब्जांशाहून लहान आहे. तुमचं उत्तर दोन-चार टक्क्यांनी चुकत असेल तर दोष त्याच्या माथी मारू नका.

सिम्युलेशन: तरंग गेला, क्षेत्र मागे उरलं

केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या जाळीवर (जागेची छोट्या घरांत विभागणी) आजही असंख्य प्रोग्राम चालतात. ई आणि बी अर्ध्या घराच्या आणि अर्ध्या कालपावलाच्या फरकाने ठेवले जातात, आणि दोन कर्ल समीकरणं आलटून-पालटून पुढे ढकलली जातात. डायव्हर्जन्सची समीकरणं प्रोग्राममध्ये बहुधा लिहिलेलीच नसतात. सुरुवातीला ती पाळली असतील तर पुढेही पाळली जातील, अशी ती व्यवस्था आहे. पण त्यासाठी तुम्ही देत असलेली धारा घनता प्रभाराच्या हिशोबाशी जुळलेली असावी लागते.

आधी एक वेगळा आजार बाजूला काढू. क्षेत्र दर पावलाला गुणाकाराने वाढत जाऊन संख्या फुटत असतील, तर धारा घनतेकडे पाहू नका, कालपाऊल पाहा. तिन्ही दिशांना १ मिलिमीटरची घरं असतील तर पाऊल १.९२ पिकोसेकंदांपेक्षा मोठं चालत नाही. ही कुरांटची अट.

आता मूळ तक्रार. मोकळ्या जागेत एका घरात झेड दिशेला धारा देऊन तरंग सोडला जातो, आणि धारेचा काळानुसार आकार घेतला जातो गाऊसीय कंप (घंटेच्या आकाराचा एकच ठोका), कारण तो गुळगुळीत असतो. तरंग बाहेर निघून जातो, कडांवरचे शोषक थर तो गिळतात, आणि तरीही उगमाजवळ ई शून्यावर येत नाही. शोषक थरांवर संशय घेऊन त्यांची जाडी वाढवली जाते, फरक पडत नाही.

कारण असं आहे, की त्या घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे तुम्ही प्रभार नेलात आणि परत आणला नाहीत. एकूण नेलेला प्रभार म्हणजे धारेचं काळावरचं संकलन. कमाल धारा १ मिलिॲम्पिअर आणि कंपाची रुंदी (कमाल धारेपासून ती सुमारे ३७ टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ) १ नॅनोसेकंद असेल, तर तो १.७७ पिकोकूलोंब होतो. एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण, मध्ये १ मिलिमीटर. हा द्विध्रुव झाला. त्याच्या अक्षावर १ सेंटीमीटर अंतरावर सुमारे ३२ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र कायमचं बसून राहतं. प्रोग्राम बरोबरच सांगतोय. तुम्ही प्रभार मांडला होता, त्याने त्याचं क्षेत्र दाखवलं.

उपाय असा की धारेचा आकार गाऊसीय कंपाचा काळानुसार अवकलज घ्या. आधी धन, मग तितकंच ऋण, संकलन शून्य. गेलेला प्रभार परत येतो आणि मागे काही उरत नाही. किंवा धारा एका तुकड्यात न देता बंद वळशात द्या. वळशात कुठेच टोक नसतं, त्यामुळे प्रभार साचायला जागाच नाही.

कण आणि क्षेत्र एकत्र चालवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये हाच दोष हळूहळू वाढत जातो. कण एका घरातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याची धारा घरांच्या कडांवर वाटावी लागते. वाटणी केवळ वेग आणि जवळच्या बिंदूंवरच्या वजनांनी केली, तर प्रत्येक पावलाला सातत्य समीकरण थोडंसं मोडतं आणि रिकाम्या जागेत भुताटकीचा प्रभार साचत जातो. व्हिलासेनॉर आणि ब्यूनमन यांची १९९२ ची रीत आणि एसिरकेपोव्ह यांची २००१ ची रीत वाटणीच अशी करतात, की प्रभाराचा हिशोब तंतोतंत राहतो. प्रोग्राममध्ये असा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर दर काही पावलांनी ई चा डायव्हर्जन्स आणि कणांवरून काढलेली प्रभार घनता यांतला फरक काढून प्वासाँच्या समीकरणाने (ते प्रभार घनतेवरून विभव काढतं) ई दुरुस्त करावं लागतं. चालतं, पण मला ते मलमपट्टीसारखं वाटतं. शक्य तिथे जखमच होऊ देऊ नये.

शंका उरलीच, तर जाळी बारीक करा

आलेल्या क्षेत्रांवरून धारा घनता काढली (बी चा कर्ल भागिले म्यू-शून्य, वजा एप्सिलॉन-शून्य गुणिले ई च्या बदलाचा दर), आणि ती मोकळ्या जागेच्या एखाद्या कोपऱ्यात शून्य दिसत नसेल, तर ती खरी आहे की गणिताची धूळ आहे हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. घरांची लांबी निम्मी करा, कालपाऊलही त्याच प्रमाणात, आणि तीच संख्या पुन्हा काढा.

यीच्या जाळीची चूक घराच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे शिल्लक राशी एक-चतुर्थांशावर आली तर ती जाळीची चूक आहे, भौतिक धारा नाही. ती जवळपास तेवढीच राहिली तर तिथे खरोखर पसरलेली धारा आहे, किंवा तुमचं क्षेत्र निर्वाताचं नाही, आणि पुन्हा प्रभाराच्या हिशोबाकडे जायला हवं. ती चौपट झाली तर तुम्ही एखाद्या बारीक तारेवर उभे आहात. धारा तीच आहे, पण ती मावणाऱ्या घराचं क्षेत्रफळ एक-चतुर्थांश झालं.

दुप्पट झाली तर तो पृष्ठभागावरचा प्रवाह आहे. आदर्श धातूच्या भिंतीवर १०० व्होल्ट प्रति मीटरचा तरंग लंबरूप आदळला, तर भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत धारा घनता शून्यच असते, पण भिंतीच्या पृष्ठभागावर दर मीटर रुंदीला ०.५३ ॲम्पिअर वाहतात: आपाती क्षेत्राची दुप्पट, भागिले निर्वाताची प्रतिबाधा ३७६.७३ ओहम. जाळीत तो प्रवाह घरांच्या एकाच थरात कोंबला जातो, म्हणून थर निम्मा केला की धारा घनतेचा आकडा दुप्पट होतो. तो आकडा नोंदवू नका. त्याला घराच्या जाडीने गुणून ०.५३ येतात का ते पाहा, आणि तेच लिहा.